बापूजी आणि बत्तीस इंची टीव्ही

शेजारच्या जयंतीभाईंच्या घरात मी एकदा भिंतीतून शिरलो आहे. पूर्ण नाही, दोन बोटं. पण माझ्यासारख्या भित्र्या माणसाची झोप उडायला तेवढं पुरतं.

झालं असं, की दोन हजार आठच्या सुमारास आम्ही बत्तीस इंची सपाट टीव्ही घेतला. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीत आईला मालिकांतल्या सगळ्या सुना सारख्याच दिसायच्या. (नव्यातही त्या सारख्याच दिसतात, हे नंतर कळलं.) टीव्ही घरी आला, पण भिंतीवर चढणार कसा? मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत भिंतीला भोक पाडायला सक्त मनाई! कुणाच्या तरी खिळे ठोकण्यामुळे कुणाच्या तरी बाथरूमच्या फरशा निखळल्या, तेव्हापासून सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली फळ्यावर नोटीसच लावली होती. सेक्रेटरी कोण? जयंतीभाई! राहतात कुठे? आमच्या हॉलच्या भिंतीपलीकडे!

मग टीव्ही खोक्यात, खोक्यावर मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची इस्त्री, आणि आईचा रोजचा प्रश्न, “काय रे, तुमचा तो टीव्ही बघायचा असतो की त्याच्यावर शर्टच इस्त्री करायचे असतात?”

अशात जयंतीभाई त्यांच्या आईला, बांना, घेऊन चार दिवस गावी गेले. माझ्या डोक्यात पाप शिरलं ते तेव्हा.

काशीमीऱ्याला माझा मित्र दिनू ट्रकच्या गॅरेजात आहे. त्याच्याकडून ड्रिल मशीन आणलं. ते बघून मंगल दोन पावलं मागे सरकली.

“हे भिंतीसाठी आहे?”

“ट्रकसाठी. पण भिंत काय, ट्रकपेक्षा नरमच.”

“तेच म्हणतेय मी!”

दिनूने बोल्टही दिले होते. ट्रकचेच. “बिनधास्त लाव, टीव्ही काय, ट्रक लटकव,” असा आशीर्वाद देऊन. मी स्टुलावर चढलो, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. आमच्या बिल्डरने भिंतीत विटेपेक्षा विश्वास जास्त वापरला असावा! ड्रिल सुळकन आत गेलं ते गेलंच. बाहेर ओढलं, तर भोकातून उजेड आला.

मी एक डोळा लावून पाहिलं. पलीकडून कुणीतरी माझ्याकडेच बघत होतं!

मी स्टुलावरून पडलो नाही, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू. पलीकडे सोफ्यावर जयंतीभाईंच्या स्वर्गवासी वडिलांचा फोटो बसला होता. हार घातलेला, मिशी पिळलेली. मला त्यांनी रंगेहाथ पकडलं होतं.

“काय झालं?” मंगलने विचारलं.

“बापूजींनी बघितलं.”

शहाण्या माणसाने तिथेच थांबून भोक बुजवलं असतं. मी त्याच रेषेत शेजारी दुसरं पाडलं! (एका बोल्टवर टीव्ही तिरका दिसला असता.) लोखंडी पट्टी लावली, लाकडाच्या गुट्ट्या घालून दोन्ही बोल्ट ठोकले. त्यांची टोकं पलीकडे दोन-दोन बोटं बाहेर निघाली. खालच्या दोन भोकांची मात्र हिंमत झाली नाही. टीव्ही वरच्या दोघांच्या भरवशावर टांगला. कुणी दार जोरात लावलं की तो हळूच मान हलवायचा.

आणि आई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बरोबर त्याच्या पुढ्यात बसायची! नजर अधू, कान अधू. टीव्हीला नाक लागेपर्यंत पुढे सरकायची. तो आईच्या डोक्यावर पडला तर? मी खाली उशा रचल्या.

“आई, जरा मागे बस ना.”

“का? टीव्ही चावतो?”

जयंतीभाई परतले, तेव्हा मी स्टीलचा पेला भिंतीला आणि कान पेल्याला लावून उभा होतो. आधी बांचा आवाज आला, “जयंती! आ शुं छे?” आणि मग भिंतीतून आवाज सुरू झाला... कर्र... कर्र... कर्र! आमचा टीव्ही थरथरला आणि डोळ्यांदेखत मागे भिंतीकडे ओढला गेला!

“मंगल, ते बोल्ट उपटतायत!” मी ओरडलो आणि टीव्हीला मिठी मारली. बराच वेळ तसाच उभा होतो. आवाज थांबला, टीव्ही जागेवरच राहिला, पण दारावरची बेल मात्र वाजली नाही. हे फारच भयंकर होतं! ओरडणारा सेक्रेटरी परवडला, गप्प बसणारा नाही.

जिन्यात जयंतीभाई दिसले की मी चपलेचा बंद बांधायला बसू लागलो. (माझ्या चपलेला बंद नव्हता.) शेवटी एकदा बांनीच हाक मारून आत नेलं. बघतो तर माझ्या दोन बोल्टांवर बापूजी लटकलेले!

“देखो भाई,” बा हात जोडून म्हणाल्या, “बापूजीने खुद अपनी जगह बना ली. हम गाँव से आये, और दीवार में से दो खिले निकले! चमत्कार!”

मी जयंतीभाईंकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

आता माझ्या भीतीला दोन बाजू झाल्या. इकडे टीव्ही, तिकडे बापूजी. कुठलाही एक पडला तरी मी मेलोच! त्यात बापूजींचं वर्षश्राद्ध आलं. त्यांचा हॉल पाहुण्यांनी भरलेला, मीही त्यांत बसलेलो. भजन संपलं, सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्या शांततेत बापूजी कडाडले, “मैं सब जानती हूँ! मुझसे कुछ मत छुपाओ!”

घरी आईने मालिका लावली होती. तिच्या कानांना लागतो तेवढ्या आवाजात!

“बापूजी बोल्या!” बा किंचाळल्या.

“पण बाईच्या आवाजात?” मागून कुणीतरी विचारलं.

“स्वर्ग में गला बदल जाता होगा!” बांनी त्याला गप्प केलं. तेवढ्यात जाहिरात लागली. बापूजी आनंदाने म्हणाले, “दो के साथ एक फ्री!”

बांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “वोही हैं! जिंदगीभर फ्रीवाला सामान ही लाते थे!”

ते रडणं मला बघवेना. मी उठलो, हात जोडले. “बा, माफ करा. वो बापूजी नहीं हैं, वो मेरा...”

पुढचा शब्द बाहेर पडण्याआधी जयंतीभाईंनी माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला आणि मला ओढत पॅसेजमध्ये नेलं.

“पागल झाला काय तुमी? मला पहिल्या दिवसापासून मालूम हाय!”

मी लाडवातून म्हणालो, “मग बोलला का नाही?”

“काय बोलू? बा रोज मारे माथे बसायची, फोटो टांग, फोटो टांग! कसा टांगणार? नोटीसवर सही कोणाची? माझी! कितने महिने बापूजी सोफा पे बैठे, मेहमान लोग जमीन पे. अने तुमचा बोल्ट तो असा हलत होता! नट कोणी लावला? मी! वॉशर घालून टाईट केला, तवा तुमचा टीवी भिंतीला चिकटला.”

म्हणजे ती कर्र-कर्र! मीरा रोडमधल्या सगळ्यात मजबूत टीव्हीखाली मी इतके महिने उशा रचत होतो तर!

आता तो टीव्ही बदलावा असं घरात सगळ्यांना वाटतं. पण बोल्ट काढायचे तर आधी बापूजी उतरवायला हवेत, आणि बा म्हणतात, बोलत्या माणसाला कसं उतरवायचं? परवा त्यांनी जिन्यात मंगलकडे तक्रार केली, “बापूजी आजकल सिर्फ क्रिकेट की बात करते हैं. पहले कितना अच्छा बोलते थे!”

तेव्हापासून मॅच मी आवाज बंद करून बघतो. माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर. आणि उशा? त्या अजून खाली आहेत. जयंतीभाईंच्या नटावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण बोल्ट मी ठोकलेले आहेत!