पहिली कुठाय?

मी खोर फक्कानला जायला निघालो त्या सकाळी तासगावच्या एसटी स्टँडवर लोकांना वाटलं, कुणाची तरी वरात आली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अख्खा ब्रास बँड लाल कोट चढवून फलाटावर उभा होता. निरोपाचं म्हणून त्यांनी आयुष्यात एकच गाणं बसवलेलं होतं, नवरी सासरी निघते तेव्हाचं. बँडमास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि बिनदिक्कत तेच सुरू केलं. बसमधल्या एका बाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. पदर डोळ्यांना लावत तिने विचारलं, "नवरी कुठाय?" कंडक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काय, मिशावाली." मी लाजून अर्धा झालो.

आईने खिडकीतून एक पिशवी आत सरकवली. चटणीच्या डब्याखाली माझे बँडमधले जुने खुळखुळे होते. "हे कशाला?" म्हणालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वजन न्हाई त्यास्नी." आप्पा काही खिडकीपाशी आले नाहीत. त्यांच्या गळ्यात मोठा ड्रम होता आणि गाणं चालू असताना ड्रमवाल्याने जागा सोडायची नसते. बस स्टँडबाहेर पडली तशी आधी क्लॅरिनेट विरली, मग ट्रंपेट. मोठा ड्रम मात्र मार्केट यार्डाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. धुम. मग थोडी जागा. परत धुम.

ज्यांनी हल्ली फक्त डीजेच्या वराती पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बँडमध्ये मास्तर मिरवतो, ट्रंपेटवाला भाव खातो, पण वरात चालते ती मोठ्या ड्रमवर. दर चार मात्रांमधली पहिली मात्रा तो वाजवतो. तिला आमच्याकडे नुसतं 'पहिली' म्हणतात. चालणाऱ्याचा पाय तिच्यावर पडतो, घोडं तिच्यावर चालतं, नवरदेवाचे दंगा करणारे मित्रसुद्धा शेवटी तिच्यावरच येऊन पडतात. आप्पांनी जन्मभर ही एक पहिली वाजवली. आणि बँडमधल्या ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याच्या हातात खुळखुळे देतात. माझ्या हातात ते कॉलेज संपेपर्यंत होते.

खोर फक्कान हे अमिरातीतलं, डोंगर आणि समुद्राच्या मध्ये चेपून बसवलेलं बंदर. तिथे थंडगार कंटेनरांच्या मशिनी दुरुस्त करायचं माझं काम. बाहेर अंगाची लाही, आत न्यूझीलंडचं मटण. पहिले काही महिने मी रूमवर येऊन नुसता छताकडे बघत पडायचो. गावाकडच्या मित्रांचे फोन यायचे, "मजा आहे बाबा तुझी," आणि मी "हो, एकदम मजा" म्हणायचो. आता ते हसून सांगता येतं.

कामगारांच्या कॅम्पमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर नेल्सन राहायचा. कोलंबियाचा माणूस, क्रेनचा मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी तो गॅलरीत स्पीकर लावायचा आणि पाण्याचा रिकामा जार मांडीत घेऊन वाजवायचा. एकदा मी खुळखुळे घेऊन वर गेलो. तिसऱ्या मिनिटाला हा थकेल अशा हिशेबाने तो माझ्याकडे बघत होता. त्याला काय ठाऊक, की आमच्याकडे मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत वरात पोचायला अख्खी दुपार जाते आणि खुळखुळेवाल्याला पाणी प्यायलाही कुणी सोडत नाही! तीन गाणी झाली, चार झाली, शेवटी नेल्सनचाच हात भरून आला. त्याच्या गावाकडे खुळखुळेवाल्याला मानाने पुढे उभं करतात, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. त्या दिवसापासून छताकडे बघणं बंद झालं.

आता मी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो. काम तेच, फक्त पाना जाऊन लॅपटॉप आला. बायको स्मिता इथल्या एका शाळेत शिकवते. मुलगी रेवा मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडताना मात्र आईच्या आईसारखं अस्सल मराठी काढते. नेल्सनही दुबईला आला. त्याच्या कोंगा ड्रमांभोवती हळूहळू माणसं जमली आणि आमचा साल्सा आणि लॅटिन जॅझचा बँड झाला. फिलिपिनो ट्रंपेट, लेबनानी पियानो, गोव्याचा बेस. अल क्वोजमध्ये टायरच्या गोदामाशेजारी आमची प्रॅक्टिस चालते. पलीकडच्या लेबर कॅम्पातली कोकणातली मंडळी सुट्टीला दारात येऊन उभी राहतात. गुहागरच्या एकाने तर विचारलं, "दादा, गणपतीला याल काय वाजवायला?"

बँडलीडर मी. फार हुरळून जाऊ नका. लीडर म्हणजे जो हॉल बुक करतो, पार्किंगचे पास मागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांवर ओरडतो तो. गाण्याच्या आधीचा काउंट मी देतो आणि तो मराठीत देतो. आमचा ट्रंपेटवाला कुणाला मराठीत पाणी मागू शकत नाही, पण "एक, दोन, तीन, चार" त्याला झोपेतही कळतं.

आणि कार्यक्रमाआधी बोलायचंही मीच. हे संगीत बेटांवर जहाजांतून कसं आलं, तिथून मोठ्या शहरांत कसं गेलं, गाव सुटलेल्या माणसांनीच ते कसं वाढवलं, असं थोडं सांगायचं. दोन लाकडी दांडक्यांचा ठेका लोकांकडून टाळ्यांनी वाजवून घ्यायचा. मग हात जोडून एक विनंती करायची, "कृपा करून पहिल्या मात्रेवर टाळी देऊ नका." कारण या संगीताची गंमतच तिथे आहे. घंटावाला अधूनमधून पहिली दाखवतो, पण बेसचा जड आवाज तिच्यावर पडत नाही. तो तिच्या जरा आधीच येऊन बसतो आणि खुद्द पहिलीची जागा मोकळी सोडतो. त्या मोकळ्या जागेमुळे अंग हलायला लागतं. आपल्या लोकांना मात्र तिथेच टाळी द्यायची खाज असते.

यंदा आप्पा आले. खांद्याने दगा दिला म्हणून त्यांनी मोठा ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात घातला, आणि घरात बसवेना म्हणून इकडे यायला तयार झाले. आईने गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे ती विमानाला भिते. पहिल्याच दिवशी शेख झायेद रोडवरच्या गाड्यांकडे बराच वेळ बघून आप्पा म्हणाले, "हितं वरात काढायची म्हटली तर कुठनं काढायची?"

मी त्यांना अल क्वोजला प्रॅक्टिसला नेलं. मनातून मी फार खूश होतो. इतकी वर्षं मी फोनवर "बँड आहे आमचा" म्हणत होतो, आणि बँड म्हणजे काय हे ज्याच्याकडून शिकलो तो माणूस पहिल्यांदा ऐकायला बसणार होता. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले. गाणं सुरू झालं तसा त्यांचा उजवा हात मांडीवर पडू लागला. दोन वेळा पडला, तिसऱ्यांदा हवेतच थांबला. मग त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला.

गाणं संपलं. "समदं झ्याक हाय," ते म्हणाले. "पन पहिली कुठाय?"

मी समजावायला लागलो, तेवढ्यात नेल्सन पुढे झाला. त्याला दोन भाषांचा आत्मविश्वास आहे, त्यातली एक हिंदी. "बाबा, इधर कुछ नहीं," तो म्हणाला. "खलास! आगे जाओ."

"कुछ नहीं कैसा?" आप्पा उठूनच उभे राहिले. "मानसांनी पाय कशावर टाकायचा?"

"आजोबा, इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट," रेवा म्हणाली.

परतताना गाडी घराजवळ आल्यावर आप्पा म्हणाले, "मी येतो कार्यक्रमाला. पन माझं तिथं काय काम न्हाई रं. मी जे वाजवलं ते तुमी टाकून दिलंया." रागाने नव्हतं ते, भाजी कुठली आणायची ते सांगावं तसं शांतपणे म्हणाले. मला फार लागलं. माझ्या बँडला कोण काय म्हणतं याची मी कधी पर्वा केली नाही, पण या एका माणसाने आपलं काही फुकट गेलं असं समजून परत तासगावला जावं, हे मला सहन होणार नव्हतं. आणि समजावणार कसं? संगीतातलं जे काही समजावून सांगता येतं ते मी इंग्रजीत शिकलोय.

कार्यक्रम अल क्वोजमधल्याच एका गोदामाच्या केलेल्या थिएटरात होता. संध्याकाळची वेळ, हॉल भरलेला. मी माइकसमोर गेलो, नेहमीचं बेटांचं नि जहाजांचं सुरू केलं, आणि पुढच्या रांगेकडे नजर गेली. आप्पा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

मला कळेना. मग रेवाकडे पाहिलं तर तिने मला अभिमानाने अंगठा दाखवला. घरातून निघताना तिने आजोबांना ताकीद दिली होती की पहिलीवर टाळी वाजवायची नाही, डॅडला आवडत नाही. जन्मभर तेवढंच वाजवलेला माणूस, चुकून हात उचलला जाऊ नये म्हणून स्वतःच्या हातांवर बसला होता, नव्या धोतराला सुरकुत्या पाडत.

मग बेटं आणि जहाजं माझ्या डोक्यातून गेलीच. मी जे बोललो ते इंग्रजीत बोललो. तुमच्यासाठी इथे मराठीत लिहितो.

मी म्हणालो, या संगीतात एक मात्रा आम्ही सोडून देतो. ती आम्हाला येत नाही म्हणून नव्हे. आमच्यातल्या प्रत्येकाला ती नेमकी कुठे आहे हे पक्कं माहीत असतं म्हणूनच सोडता येते. माहीत नसेल तर दोन मिनिटांत सगळा बँड वाहून जाईल. मला ती माहीत आहे, कारण माझ्या वडिलांनी ती माझ्या लहानपणी रोज, उन्हातून चालत, लोकांच्या लग्नांत वाजवली आणि मी त्यांच्या मागे खुळखुळे हलवत चाललो. इथे प्रत्येक जण मला विचारतो, तुझं घर कुठलं? मी कधी तासगाव सांगतो, कधी सिलिकॉन ओएसिस, आणि दोन्ही सांगताना अडखळतो. खरं सांगू का, माझं घर म्हणजे ती पहिली. मी तिच्यावर राहत नाही. पण बाकी सगळं तिच्या हिशेबाने चालतं.

स्मिता आप्पांना मराठीत सांगायला वाकली, तर त्यांनी मानेनेच 'ऱ्हाऊ दे' केलं. त्यांचं लक्ष ड्रम कुठे मांडलेत तिकडे होतं. तेव्हा मी मराठीत बोललो. त्या रंगमंचावर काउंट सोडून मी कधी मराठी बोललो नव्हतो.

"आप्पा, हात काढा बाहेर. पहिली तुमचीच आहे. वाजवा."

लोक हसले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसेल. मागे उभे असलेले गुहागरवाले तेवढे शिट्टी मारून मोकळे झाले. आप्पांनी हात काढले, एकमेकांवर चोळले आणि मांडीवर ठेवले. मी काउंट दिला. एक, दोन, तीन, चार.

आम्ही छान वाजवलं, उगीच विनय कशाला! नेल्सनने तर घाम गाळून शर्ट पिळायला आणला. लोक खुर्च्या सोडून नाचले. स्मिता नाचली, रेवाने डोळे फिरवले आणि मग तीही नाचली. मी खुळखुळे हलवत होतो आणि दर चार मात्रांना पुढच्या रांगेकडे बघत होतो. आप्पांचे हात मांडीवर होते तिथेच होते. एकदाही उचलले नाहीत. पहिल्या गाण्यात नाही, शेवटच्याही नाही. चप्पल काढून ठेवलेला त्यांचा उजवा पाय मात्र जमिनीवर पडत होता. त्याला आवाज नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये नेल्सनने त्यांना कडकडून मिठी मारली, "बाबा, कल फिर आना, इन्शाल्ला!" आप्पांनी त्याची पाठ थोपटली आणि ते गाडीकडे आले. मला राहवेना.

"हात काढलेत, मग वाजवली का नाही? मी सांगितलं होतं की."

दाराच्या कडीवर हात ठेवून आप्पा थांबले. माझं इंग्रजी त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

"कशाला वाजवू?" ते म्हणाले. "कुनी वाजवत न्हवतं, तरी जाग्यावर होती की."