दुसरी बाही

आठवडाभर पिचलेल्या कुठल्याही माणसाला रविवार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देण्याची छातीठोक हमी घेणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, ऊस उतरवून ती परत आली की रिकामीचं घ्यायचं, मधला फरक तो ऊस. जन्मभर हे केल्यावर त्यांनी हाच हिशेब माणसांना लावला. मी नगरला शाळेत शिकवते. वर्ग, वह्या, माहितीचे तक्ते आणि पालकांचे फोन यांत सहा दिवस भरडून निघाले की शनिवारी एसटीनं कारखान्याच्या वसाहतीत ताईचं दार गाठायची. दाजी चष्म्यावरून बघायचे. "आल्या भरून. या खेपंला लई वझं हाय. बसा मास्तरीणबाई, उद्या सांजच्याला रिकाम्या करून लावून देतो."

त्यांची औषधं चार: गाणं, सिनेमा, पुस्तक आणि विणकाम. सिनेमा ते मध्यंतरापासून बघायचे. तरुणपणी पाळी सुटून थिएटर गाठेपर्यंत अर्धा खेळ होऊन गेलेला असायचा, त्याची इतकी सवय झाली की घरात टीव्ही आणि सीडी आल्यावरही शनिवारी उत्तरार्ध आणि रविवारी पूर्वार्ध असाच क्रम राहिला. शनिवारी मार खाऊन तुरुंगात गेलेला खलनायक रविवारी पुन्हा मिशीला पीळ देत हजर झाला की दाजींना हसू आवरायचं नाही. "लई माज करतोय. काल कसा पाया पडत हुता, इचारा त्याला." मी तक्रार केली, तर म्हणाले, "शेवट ठाव असला म्हंजी जिवाला घोर न्हाई. तुमच्या आठवड्याचा शेवट ठाव नसतो, म्हनून तुमी दमता."

पुस्तकं मात्र ते सरळ वाचत, आणि मोठ्यानं. त्यातल्या कुणी आईला उलट बोललं किंवा बायकोला फसवलं, की दाजी पुस्तक मिटून गव्हाच्या कोठीत टाकत. "बस दोन दिवस आत." ताई दळणासाठी गहू काढायला जायची आणि हाताला कादंबरी लागायची. वाचनालयाचे लोक परत आलेलं पुस्तक आधी बाहेर नेऊन झटकत, असं ताई सांगते. तिखटमीठ लावायची तिला सवय आहे, पण दाजींनी ही गोष्ट कधी नाकारलेली नाही.

आणि विणकाम. भरघोस मिशांचा, पैलवानी अंगाचा हा माणूस काट्याच्या केबिनमध्ये बसून लोकर विणायचा. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला लावली तेव्हा रिकामे हात सुचू देईनात. दिवसभर नुसता तळवा चोळत बसायचे. ते बघून वैतागलेल्या ताईनं हातात दोन सुया दिल्या, आणि मग तिच्याच हातात सुया येईनात. ट्रॅक्टरवाला खालून भोंगा वाजवायचा, तर दाजी खिडकीतून सांगायचे, "थांब जरा, सुईवरची वळ संपू दे." कानाशी मोबाईलवर गाणं चालू असायचंच. लावणी लागली की टाके घट्ट, भजन लागलं की सैल. ताईसाठी विणायला घेतलेल्या जांभळ्या स्वेटरचा पुढचा भाग लावणीत झाला आणि पाठ भजनात, त्यामुळे तो मागून ऐसपैस आणि पुढून आवळ आहे.

हा स्वेटर म्हणजे आमच्या घरातलं रखडलेलं धरणच. थंडीत पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या टायरगाड्या काट्यावर यायच्या. एखाद्या गाडीखाली झोळीत तान्हं लेकरू दिसलं की दाजींच्या सुईवर जे असेल त्याचं टोपडं व्हायचं. ताईचा स्वेटर असा किती हंगाम टोपडी होऊन पाथर्डीला गेला, याची गणती नाही. शेवटी दाजींच्या निवृत्तीचं साल उजाडलं, तेव्हा ताईनं मला साक्षीला ठेवून बजावलं, "तुमचा काटा सुटायच्या आत माझ्या अंगावर स्वेटर दिसला न्हाई, तर सुया चुलीत घालीन." दाजींनी शब्द दिला. दिलेला शब्द मोडला तर त्यांना जेवण जात नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

जानेवारी संपत आला तोवर पुढचा भाग, पाठ आणि एक बाही जोडून झाली होती. दुसरी बाही मनगटापर्यंत आली होती. घरात दुसरी लोकर नव्हती, होती ती उरलेल्या चार बोटांपुरतीच. त्या रविवारी दाजींची पाळी होती. दुपारी ते जेवायला आले. टीव्हीकडे बघितलं नाही, मोबाईल खिशातून काढला नाही. जन्मभर दुसऱ्यांना रिकामं करणारा माणूस स्वतः भरून आला होता. मला तर ते बघवेना.

ताईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "लेकरू कितव्या दिवसाचं हाय?"

"आठव्या," दाजी म्हणाले. "नुसतं टावेलात गुंडाळलंय. कान उघडं." मग घाईनं म्हणाले, "मी काय म्हनलो न्हाई. तुझं पुरं करायचंय."

ताईनं ताट सरकवलं. कपाटातून ती सुटी बाही आणली, टाके सुईवरून ओढून काढले आणि धाग्याचं टोक माझ्या हातात दिलं. "गुंडा कर. अहो, टोपड्याला टाके किती घालता?"

"अगं, तुला दिलेला शब्द..."

"मलाच दिलाय ना? एक बाही हाय की मला."

ती उसवत गेली, मी गुंडाळत गेले. आठवड्याचा शिणवटा त्या धाग्याबरोबर कुठे गेला, मला कळलंही नाही. त्या लेकराची गाडी अजून ऊस उतरवायच्या रांगेत होती, ती रिकामी होऊन काट्यावर येईपर्यंतचाच काय तो वेळ. चार वाजता मी चहा घेऊन केबिनवर गेले, तेव्हा दाजी शेवटचा टाका बंद करत होते. रिकामी गाडी काट्यावर चढली. लेकराच्या आईला टोपडं लगेच द्यावं की नाही? दाजी बसूनच. वजन झालं, गाडी खाली उतरली, मग उठले. मी विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या गाडीत हे वझं कशाला? त्यांचा ऊस तेवढा कमी भरंल." तोळाभर लोकर ती. मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणीही आलं.

त्या मार्चात कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं, आणि दाजीही सुटले. आता दोघं नगरातच केडगावला, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. शनिवारी मी अजून भरून जाते आणि रविवारी रिकामी परत येते. परवाच दाजींनी दुसरी बाही पुरी केली, रंग अर्थातच जुळला नाही. शिवायला सुई ओवली, तर ताईनं बाही काढून घेतली.

"शिवली की उसवायला येळ लागतो," ती म्हणाली.

"आता हितं कुठला काटा आन कुठली गाडी," दाजी म्हणाले. "कोन यायचं हाय?"

"असू दे," ताई म्हणाली, आणि बाही घडी करून तिनं कपाटात हाताशी लागेल अशी ठेवली. सकाळी ती तो एका बाहीचा स्वेटर घालून दुधाला जाते, उघड्या हातावरून पदर घेते. दाजी दारात उभे राहून ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात.