प्रशासकाशी संपर्क साधा

आमच्या वाचनालयाची वेबसाइट देशमाने सरांनी उभी केली. परवा ते गेले. आज मी त्यांच्यावरचा श्रद्धांजलीचा मजकूर चढवला, तर खाली आपोआप उमटलं, ‘लेखक: देशमाने सर’. प्रत्येक पानाखाली तेच नाव यावं, अशी सोय त्यांनीच करून ठेवलेली.

“अहो, सर स्वतःलाच श्रद्धांजली वाहतायत की काय? काढा ते आधी!” ग्रंथपाल शैलाताई वैतागल्या.

काढतोय ना! कुठलंही बटण दाबा, उत्तर एकच: ‘तुम्हाला परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.’

कुणालाही लिहिता यावं म्हणून वेबसाइटच्या असल्या व्यवस्था असतात म्हणे. लिहिता येतं, पण किल्ली एकाच्याच खिशात राहते.

प्रशासक म्हणजे सरच. “अडलं की मला फोन कर,” म्हणायचे.

अडलंय, सर.