धुण्याचा दगड

आमच्या शेजारी भाड्यानं राहणारे सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्याच विषयात मी बी.एस्सी. आहे, आमच्या घराण्यातला पहिलाच पदवीधर. दगड दिसला की सर उकिडवे बसतात, त्यावर पाणी शिंपडतात आणि सांगायचं सोडून समोरच्यालाच विचारत राहतात.

छत्तीसगडातून आणलेल्या आमच्या धुण्याच्या दगडावर बारीक लाटा उमटल्या आहेत. हा उथळ समुद्राचा तळ आहे, असं मी बाबांना कितीदा सांगितलं. “तिथं कायचा समुद्र? शिकून येडा झाला,” एवढंच ते म्हणत.

परवा सरांनी तो दगड ओला केला. “काकाजी, तलावाच्या काठी रेतीवर अशा रेघा कशानं पडतात?”

बाबांनी हात फिरवला. “लाटेनं. दोन्हीकडून सारखाच उतार आहे. पाणी येऊन-जाऊन राहत होतं.”

“आणि असा दगड कोसच्या कोस पसरला असंल तर?”

“मंग तलाव कायचा? समुद्रच म्हणा.”

सर नुसते हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

जेवताना बाबा मलाच म्हणाले, “तुले मालूम आहे का रे, आपला दगड समुद्रातला आहे?”

“मालूम आहे,” मी म्हणालो.

“तुलेही सरानंच सांगतलं का?”