अक्काचे सात दाखले

माझ्या भाचीचं, मनीषाचं, कॉलेज मी बंद पाडलं. हे कैक वर्षं कुणापाशी बोललो नव्हतो. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, जाऊन सव्वा महिना झाला. आता तरी लिहितो...

मी नगरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर कारकून आहे. फी-सवलतीची आमची योजना एका घरातल्या दोनच मुलांना मिळते. अक्काला तीन मुलं. थोरलीनं सवलत घेतलेली. मनीषाचा नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा अक्का पारनेरहून कागदांची पिशवी घेऊन माझ्या टेबलापुढं येऊन बसली. नात्यागोत्यात मी हुशार. म्हणालो, "एकच जागा राहिलीय, अक्का. सागरला इंजिनिअरिंगला लागंल, त्याच्यासाठी राखून ठेव." सागर तेव्हा दहावीत होता. अक्कानं कागद परत पिशवीत घातले. मग म्हणाली, "आन् मनी?"

"तिचं बघू."

"मामाचं बघू म्हंजे न्हाईच की!" शेजारी उभी असलेली मनीषा हसून म्हणाली. ते हसणं मला परवडलं, म्हणून मी ते खरं मानलं.

सवलतीवाचून फी झेपेना, म्हणून मनीषा नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सागर बारावीला दोनदा अडकला आणि टेम्पोवर बसला. राखलेली जागा तशीच राहिली. अक्का हरखून आली, "आता ती जागा मनीला दे की!" पण शिक्षणात एवढा खंड पडल्यावर ती योजनेत बसत नव्हती. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "बघतो. उत्पन्नाचा दाखला मात्र ताजा लागंल."

दाखला एका वर्षापुरता चालतो. त्या एका वाक्यात मी अक्काला अडकवलं, आणि स्वतःलाही. दर जूनमध्ये ती कांद्याचं काम टाकून आधी तलाठ्याकडं, मग दाखल्यांच्या सेतू केंद्रात जायची आणि तिथूनच फोन करायची, "बाळू, दाखला काढलाय. औंदा बसंल का?" मी म्हणायचो, साईट बंद आहे, वरून काही आलं नाही. "तुजी साईट म्हंजे आमच्या गावची यष्टी, आली तर आली," असं म्हणून ती हसायची. जितकी वर्षं जात होती, तितकं खरं सांगणं अवघड होत होतं. खरं सांगायचं म्हणजे आधीची सगळी वर्षंही कबूल करायची...

शेवटी दवाखान्यात तिला धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाली, "औंदाचा पिशवीत हाय." मी मान हलवली. तेव्हाही मी फक्त मान हलवली.

दहावा झाल्यावर मनीषानं खुंटीवरची पिशवी काढली. आत सात दाखले होते, सालवार लावलेले, वर प्लॅस्टिकचा कागद.

"मामा, म्या आईला कधीच सांगितलं हुतं, आता शिकायचं राहून गेलं म्हनून. तरी ती ह्ये का काढीत बसली? तुमी मागितले व्हते का?"

सागर दारातच उभा होता. त्याच्यादेखत मी बोललो, "मने, ती जागा पहिल्याच खेपेला तुझी होती. मी ती तुला दिली नाही. नंतर काहीच होणार नाही हे ठाऊक असून तुझ्या आईला सात वर्षं हेलपाटे घालायला लावले. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर."