हिरव्या देठाचं अळू

केंद्र सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला आणि मी शनिवारी घरी राहू लागले. त्याचा देशाच्या कारभारावर काय परिणाम झाला ते मला सांगता येणार नाही. आमच्या क्वार्टरपुढच्या जमिनीच्या तुकड्यावर मात्र फार वाईट परिणाम झाला. तोवर तिथे गवत आपलं आपण सुखानं वाढत होतं. दिल्लीत मुनिरकापासून जवळच, तळमजल्यावरचं आमचं क्वार्टर. पुढे दोन खाटा मावतील एवढी जागा. मंत्रालयात दिवसभर फायलींवर शेरे मारून मला अशी सवय लागली होती की समोर काहीही आलं तरी त्यात सुधारणा सुचवायचीच. गवतालाही मी सोडलं नाही.

खरं कारण वेगळं होतं. माझे वडील त्या हिवाळ्यात आमच्याकडे आले होते. आदल्या श्रावणात आई गेली आणि चिपळूणजवळच्या घरात बाबा एकटे राहिले. मी हट्टानं त्यांना दिल्लीला आणलं, पण ते आले ते पाहुणे म्हणूनच. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, तेव्हा आपली गाडी कधी सुटणार हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडणार कसं? आल्या दिवसापासून त्यांची बॅग पलंगाखाली भरलेली असायची. रोजचे कपडेसुद्धा ते तिच्यातूनच काढत आणि धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा तिच्यातच ठेवत. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं.

"पावसाच्या आत गेलं पाहिजे," ते म्हणायचे. "कौलं चाळून घ्यायची आहेत."

कौलं चाळायला माणूस मिळतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला भीती होती ती पुढची. कोकणातला तो पाऊस, ते ओलं अंगण आणि घरात एकटे बाबा. पाय घसरून पडले तर कोणाला कळणार? सकाळी दूधवाला येईल तेव्हा. रात्री डोळा लागायच्या वेळेला मला हे चित्र दिसायचं आणि मी उठून बसायची. पण बाबांना 'राहा' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत विचारायचे, "राहून करू काय इथे?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी बाग करायचं ठरवलं. इतर कोणी सिनेमाला नेलं असतं, मराठी मंडळात ओळखी करून दिल्या असत्या. मी खुरपं आणलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिंग रोडच्या कडेच्या एका नर्सरीत मी आणि नवरा गेलो. आत पाऊल टाकताच माझं भान सुटलं. जांभळी, गुलाबी, पांढरी पेटुनियाची फुलं नुसती ओसंडून वाहत होती. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, बहार का मौसम है, ले जाइए." मला वाटलं, वसंत ऋतूत झाडं लावायची असतात, शाळेपासून हेच शिकलोय. नवरा हळूच म्हणाला, "अगं, एवढी फुललेली कशाला? जरा लहान रोपं घेऊ ना." मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे तो निमूटपणे कुंड्या रिक्षात चढवत राहिला. परत येताना त्याच्या मांडीवर दोन कुंड्या आणि तोंडासमोर एक होती, त्यामुळे संभाषण फारसं झालं नाही.

बाबांनी सगळ्या कुंड्या बघितल्या. एका फुलाला बोट लावलं. मग म्हणाले, "छान आहेत. यातलं पानात काय वाढता येईल?"

त्यांचा सूर काही खवचट नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्या घरी अंगणात जे असे ते पानात येई. मोरीच्या सांडपाण्यावर आईनं अळू लावलं होतं, काळ्या देठाचं, ताटाएवढ्या पानांचं. आईच्या हातच्या वड्या खाताना बाबा अजिबात बोलत नसत. इतर वेळीही फारसे बोलत नसत, पण वड्या खातानाचं गप्प बसणं वेगळं होतं.

ठरलं. अळू लावायचं. एकदा मनात आलं की मला धीर म्हणून धरवत नाही. चिपळूणहून अळूचे कांदे मागवावेत, कोणी येणारं-जाणारं असेल त्याच्याबरोबर आणवावेत, हा विचार शिवलासुद्धा नाही. मी बाजारात गेले आणि भाजीवाल्याकडून अरबी घेतली. अरबी म्हणजे अळकुड्या, अळकुड्या लावल्या की अळू येणार. दोन अधिक दोन चार, यात विचार कसला करायचा?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी खणायला बसले. सरकारी क्वार्टरच्या जमिनीत वीतभर माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक चप्पल आणि नळाची जुनी तोटी निघाली. बाबा लोखंडी खुर्ची घेऊन बाहेर आले आणि उन्हात बसले. मनगटावरचं घड्याळ मधूनमधून बघत होते. मला वाटलं, इन्स्पेक्शन चाललंय. मी अधिकच जोरात खणू लागले आणि कंबर धरून बसले.

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी खुरपायची, पालापाचोळा काढायची, शेणखत घालायची आणि बाबा खुर्चीत. काही सांगत नसत, पण उठूनही जात नसत. कधी मी विचारायची, "कंटाळा आला का? आत जाता का?" ते म्हणायचे, "बसलोय." मी स्वतःशी म्हणायची, बिचारे, माझ्या समाधानासाठी उन्हात बसतात. बाग करून वडिलांना रिझवायचा माझा बेत असा काही रंगत नव्हता.

त्यात पेटुनियांनी घात केला. मार्च सरता सरता त्या पिवळ्या पडायला लागल्या. मी पाणी वाढवलं. मग पाणी जास्त झालं असेल म्हणून कमी केलं. मग खत घातलं, मग खत जास्त झालं असेल म्हणून धुऊन काढलं. सावलीत नेल्या, उन्हात आणल्या. ऑफिसातून आल्यावर पर्स न ठेवता आधी कुंड्यांकडे जायची. शेवटी शेजारच्या पंजाबी बाईंना माझी दया आली.

"बहनजी, ये तो अक्तूबर में लगाते हैं," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "अब तो इनके जाने का टाइम है. आप क्यों परेशान हो रही हैं?"

दिल्लीत मला बारा वर्षं झाली होती. हिवाळी फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला संपतात हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र त्यांना औषधपाणी करत बसले होते. नवरा त्या रात्री जेवताना फार गंभीर चेहरा करून बसला होता. मी म्हटलं, "हसायचं असेल तर हसा एकदाचं." तो हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मेअखेरचं आरक्षण मिळेल ना गं?"

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने जाऊन तिकीट काढलं. बाबांनी ते चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं.

आता माझी सगळी आशा अळूवर. ते मात्र जोरात उगवलं होतं. पण दिल्लीचा एप्रिल म्हणजे भट्टी, आणि नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ मोजकंच. मला आईची मोरी आठवली. मी स्वयंपाकघराच्या सांडपाण्याच्या नळीपासून विटांचा पाट काढला आणि पाणी अळूकडे वळवलं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी अळूला. पाटाच्या कडेला इतका चिखल झाला की एका सकाळी नवरा ऑफिसला निघताना त्यात घसरला आणि पँट बदलायला परत आला. आठवडाभर तो मला 'पाटबंधारे खातं' म्हणत होता. पण पानं आली. भली मोठी आली. मी अभिमानानं बाबांना दाखवायला नेलं.

"बघा. आपल्यासारखंच."

बाबांनी वाकून बघितलं. देठाला हात लावला. "हं," म्हणाले.

देठ हिरवे होते. मलाही दिसत होतं. वडीच्या अळूचा देठ काळा असतो हे कोकणातल्या मुलीला कोणी शिकवावं लागत नाही. पण मी स्वतःची समजूत घातली की दिल्लीच्या उन्हानं रंग विटला असेल. फायलीत असा खुलासा कोणी लिहून पाठवला असता तर मी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढून फाईल परत केली असती.

अक्षय्य तृतीया आली. आई गेल्यानंतरची पहिली. त्या दिवशी तिच्या नावानं पाण्याचा घडा द्यायचा, तिच्या आवडीचं करायचं. मी रजा टाकली. सकाळी पानं कापली, शिरा काढल्या, डाळीचं पीठ कालवलं. चिंच आईच्या मापानं घातली, म्हणजे नावापुरती, कारण आमच्या अळूला खाज नाही हे आम्ही गावभर सांगत असू. शेजारच्या बाईंना जेवायला बोलावलं होतं. त्या मदतीला म्हणून आधीच आल्या आणि पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "खटाई थोड़ी और डाल लो, बहनजी. अरबी का पत्ता है."

"हमारे में इतनी ही डालते हैं," मी म्हटलं. माझ्या आईच्या मापात दिल्लीवाल्यांनी सुधारणा सुचवायची म्हणजे काय? उंडे वाफवले, वड्या कापल्या, तळल्या. रंग सुरेख आला. आईच्या नावाचं एक पान वाढलं, मग आमची वाढली.

पहिला घास घेतल्यावर नवऱ्याचं चावणं मंदावलं. शेजारीणबाई खोकल्या आणि पदरात तोंड लपवून पाण्याचा पेला उचलला. मी घास गिळला आणि घशात कोणीतरी काथ्या फिरवावा तसं झालं. नवरा म्हणाला, "वेगळीच चव आहे." मग तोही घसा खाकरत आत गेला. मी चुळा भरत उभी राहिले. आईच्या नावाच्या पानातही त्याच वड्या होत्या, हे लक्षात आल्यावर मात्र मला रडूच आलं. निदान आजच्या दिवशी तरी नीट करायचं होतं. तीन महिने खपून मी माझ्या वडिलांना खाज पिकवून वाढली होती, आणि मेअखेरीला त्यांची गाडी होती.

बाबा जेवत होते. गप्प. एक वडी संपवली, दुसरी संपवली, तिसरी घेतली.

"बाबा, टाका त्या. घसा सोलून निघेल."

"ताक दे थोडं." ताक पिऊन त्यांनी गळा चोळला. आवाज बसला होता. "देठ हिरवा होता. उगवलं तेव्हाच दिसलं मला."

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलेच जवळजवळ. शेजारीणबाईंना मराठी कळत नव्हती, पण त्या भांडी उचलून आत गेल्या.

"सांगितलं असतं तर उपटून टाकलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?" त्यांनी पुन्हा गळा चोळला. "मग रविवारी आपण बसलो कुठे असतो?"

इतके रविवार मी त्यांच्याकडे पाठ करून विटा काढत बसले होते आणि ते सगळे रविवार मला वाटत होतं की ते घड्याळ बघताहेत. बघतही असतील. आत जायची वेळ झाली की काय, हे बघत असतील.

बाबांनी पानातली शेवटची वडी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि ठेवून दिली.

"आपल्या मोरीवरचे कांदे मागवून घेऊ," ते म्हणाले. "गावच्या शेजाऱ्याला कार्ड टाकतो. कौलांचंही त्यालाच सांगतो, माणूस बघेल तो. मंडळातलं कोणी मुंबईहून येत असेल ना, त्याच्याबरोबर येतील कांदे. पण लावायचे पावसाच्या तोंडावर, आणि पाट तू काढलायस तिथे नाही, जरा वरच्या अंगाला. तुला एकटीला जमायचं नाही."

"पण बाबा, तुमचं आरक्षण आहे ना?"

ते उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि आत गेले. मी मागोमाग गेले. कपाटातला तो कप्पा उघडून त्यांनी चष्म्याच्या घरातून तिकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग खाली बसून पलंगाखालची बॅग ओढली. बसलेल्या आवाजात, पण स्टँडवर माइकवरून सांगायचे त्याच सुरात म्हणाले, "ही गाडी रद्द करण्यात आली आहे."

आणि एकेक सदरा काढून माझ्याकडे देऊ लागले, कप्प्यात लावायला.