सगुणाची तिन्हीसांज

ठाण्याला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, त्या काळातली ही हकिकत. खाडीपलीकडच्या कळव्यात काळुराम नावाचा आगरी राहत होता. मिठागरात राबायचा. सगुणा त्याची बायको. अंगानं काटक, बोलायला थोडी. त्यांची दोन पोरं पाठोपाठ गेली होती. थोरला पाळण्यातच तापानं गेला, धाकटा रांगायला लागला आणि हगवणीनं गेला.

धाकट्याला माती देऊन आला तो काळुराम घरी न येता थेट गावदेवीपुढं उभा राहिला. "आता होईल त्या लेकराला जगव," तो म्हणाला. "ते पाच वर्षांचं होईस्तोवर माझ्या उंबऱ्याच्या आत म्हावरा येनार नाय, मटण येनार नाय."

नवस बोलायला सोपा, पाळायला अवघड. खारट जमिनीत भाजीपाला उगवत नव्हता, दूधदुभतं नव्हतं. या घरांत भाताबरोबर जे काही जायचं ते खाडीतून यायचं: निवट्या, कोलीम, खेकडे, पावसाळ्यासाठी वाळवलेले बोंबील. ते बंद झाल्यावर ताटात उरला भात, मीठ आणि मिरची. सणासुदीला डाळ. काळुरामची आई हौसाबाई कुरकुरली, पण देवाला दिलेल्या शब्दापुढं तिचंही काही चालेना.

वर्षभरात सगुणाला दिवस गेले. पाचवा महिना सरला आणि एका तिन्हीसांजेला ती वाळत घातलेले कपडे आणायला बांधावर गेली, ती परत येताना सरळ मिठाच्या कोंडीत उतरली. कमरेपर्यंत भिजली. "पाय घसरला," असं तिनं सासूला सांगितलं. खरं तर पाय घसरलाच नव्हता. बांध कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं, तेच तिला दिसलं नव्हतं.

दिवसा सगळं ठीक असायचं. तांदूळ निवडताना बारीकसा खडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. दिवस कलला, की मात्र डोळ्यांवर घोंगडी टाकल्यासारखं व्हायचं. दिवा समोर असला तर त्याची ज्योत तेवढी दिसायची, बाकी घर नाहीसं व्हायचं. ती भिंतीला हात लावून चालायला लागली. हौसाबाईला वाटलं, सुनेला कामाचा आळस आलाय. मग एके संध्याकाळी पेजेचं मडकं उतरवताना सगुणाचा हात चुलीतच गेला आणि तळवा भाजला. तेव्हा कुठं घरात कळलं.

गावातला भगत आला. खाडीकाठचं काहीतरी पाठीमागं लागलंय म्हणाला, अंगारा दिला. सगुणानं तो भक्तिभावानं लावला. फरक पडला नाही.

जनी कोळीण तिची मैत्रीण. नवस झाल्यापासून जनीची पाटी त्यांच्या दारात उतरत नव्हती, तरी ती जाता-येता अंगणात टेकायची. भाजलेला हात बघून तिनं विचारलं आणि सगुणानं सगळं सांगितलं.

"अगं, ही तर रातआंधळी!" जनी म्हणाली. "माझ्या आयेला झालेली, माझ्या भावाच्या, मधूच्या येळेला. मुशी म्हावऱ्याचा काळीज खाल्ला नि बरी झाली."

"आमच्या घरान कसा चालंल?"

"मंग चल ठाण्याला, वैद्याला इचार. त्यो काय कोळी नाय. त्याचा तरी ऐकशील."

दुसऱ्या दिवशी सासूला सांगून दोघी तरीतून पलीकडं गेल्या. ठाण्याचे वैद्य म्हातारे होते. त्यांनी सगुणाला उजेडाकडं तोंड करून बसवलं, खालची पापणी ओढून पाहिली. बुबुळाशेजारचा पांढरा भाग त्यांना कोरडा, मळकट दिसला. नख पाहिलं, तेही फिकट होतं. मग त्यांनी विचारलं, "जेवतेस काय?"

"भात."

"भाताबरोबर?"

सगुणानं जनीकडं पाहिलं. जनीनं नवसाची गोष्ट सांगितली.

वैद्यबुवा हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. "पोटातलं मूल आईच्या अंगातून आपला वाटा काढून घेतं," ते म्हणाले. "तुझ्याच अंगात भर नाही, तर ते घेणार कुठून? बोकडाचं काळीज या विकारावर आमच्या शास्त्रात सांगितलंय. मी स्वतः खात नाही, पण सांगताना लपवणार नाही. ही कोळीण म्हणते तेही चालेल. मात्र औषधासारखं थोडं खायचं, चार-दोन वेळा. रोज नको, पोटुशीला जास्त झालं तर बाधतं."

"आनि पाल्यानं नाय व्हनार?" सगुणानं विचारलं.

"होईल, पण सावकाश. शेवग्याचा पाला, माठ, तांबडा भोपळा, वर तेलाचा थेंब. ते तर बाळंत होईपर्यंत आणि पुढंही खा. पण डोळा असाच कोरडा राहिला तर बुबुळावर फूल पडेल. मग दिवसाही दिसणार नाही."

घरी आल्यावर सगुणानं नवऱ्यापुढं सगळं जसंच्या तसं मांडलं. काळुराम बराच वेळ पायाच्या भेगांतलं मीठ खरवडत बसला.

"देवीला शब्द दिलाय मी," तो शेवटी म्हणाला. "दोन पोरा गेली. आता शब्द मोडला नि हा पन गेला तर?"

"शब्द तुमी दिला," सगुणा म्हणाली. "उपास मात्र माझ्या पोटातला पोर काढतंय. त्यानं कवा नवस केलेला?"

ती असं कधी बोलली नव्हती. काळुराम उठून बाहेर गेला. हौसाबाई आतून ऐकत होती.

सकाळी काळुराम मिठागरात न जाता कोळीवाड्यात गेला आणि पानात गुंडाळलेलं मुशीचं काळीज घेऊन आला. अंगणात थांबला. "मी बोललो, उंबऱ्याच्या आत येनार नाय," तो आईला म्हणाला. "अंगान काय उंबऱ्याच्या आत नाय. मी स्वतः खानार नाय. देवीला राग आला तर माझ्यावर येऊं दे."

हौसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग तुळशीपासून लांब, कुंपणाकडेला तीन दगड मांडले. "काळीज जास्त शिजवू नको, कडक व्हतंय," एवढंच ती सुनेला म्हणाली.

आठवडा सरायच्या आत सगुणाला संध्याकाळचं अंगण दिसायला लागलं. आधी तुळस, मग कुंपण, मग कुंपणापलीकडं बसलेला कुत्रा. पुढं काळुरामनं माळरानावरून शेवग्याची फांदी आणून दाराशी रोवली. गोड्या मातीच्या टोपल्या वाहून माठाचा एक वाफाही केला. त्या वाफ्याला खारं पाणी लागू नये म्हणून हौसाबाई पोराबाळांसारखी राखण करायची.

मुलगी झाली. लहानखुरी होती, पण रडणं खणखणीत. गोदा नाव ठेवलं. ती जगली. काळुरामनं आपला नवस पुरी पाच वर्षं पाळला. गोदा जगली ती त्यामुळं की काळजा-पाल्यामुळं, यावर नवरा-बायकोत कधी वाद झाला नाही. तो देवीला नारळ द्यायचा, ती पाला शिजवायची.

सगुणा काही वैदीण झाली नाही. पण कुणी बाई थकलेली, पिवळी दिसली, की ती आधी विचारायची, "जेवतंस काय?" काहींनी ऐकलं, काहींनी नाक मुरडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आवडाबाईच्या नातवाला गोवरानंतर अंधारात दिसेना, तेव्हा घरच्यांनी पावसाळा अंगाऱ्यावरच काढला. सगुणाला उशिरा कळलं. ती काळीज घेऊन धावली, पण एका डोळ्यात फूल पडलं होतं. दुसरा वाचला. त्या घरासमोरून जाताना कितीतरी दिवस तिला मान वर करवत नव्हती.

नंतर कोलशेतला दिलेली तिची पुतणी मालू बाळंत झाली. बाळंतिणीला वारा लागू नये, पोट सुटू नये, म्हणून सासरचे तिला नुसत्या पेजेवर ठेवत. सगुणा भेटायला गेली, मालूचे पांढरे पडलेले ओठ पाहिले आणि तिच्या सासूशी कडाडून भांडली. मग बाळासकट मालूला होडीत घालून कळव्याला घेऊन आली.

"सासू परत घरान घेईल का गं?" मालूनं वाटेत विचारलं.

"आधी अंगान रगत येऊं दे," सगुणा म्हणाली. "मंग सासूचा बघू."

सगुणाच्या हातचा पाला नि काळीज खात मालू पावसाळा लागेपर्यंत राहिली. न्यायला नवरा आला, तेव्हा ती बाळाला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातानं कळशी धरून विहिरीवरून येत होती.